बास्केटबॉलच्या ज्युनियर इंडियाची निवड आपल्या जिल्ह्याच्या ट्रायललाच सुरू होते, ती ट्रायल कशी घ्यायची

इंडिया कॅम्पला कोण जाणार ते तिकडं दिल्लीकडं कुठंतरी ठरतं असं आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं, पण साखळी जरा उलटी धरून बघा. ज्युनियर इंडियाची शेवटची १२ पोरं कॅम्पमधनं निघतात, कॅम्पला बोलावलेली पोरं मुख्यतः नॅशनलला बघितलेली असतात, नॅशनलला जाणारी महाराष्ट्राची १२ राज्याच्या निवडीतनं येतात आणि राज्यवाल्यांपुढं उभी राहतात ती जिल्ह्यानं पाठवलेलीच. म्हणजे कोल्हापुरात सिमेंटच्या कोर्टवर ज्या पोराचं नाव आपण एका सकाळी कापलं, त्याला त्या वर्षी पुढं कुणीच बघणार नाही. शालेय स्पर्धांचा १४, १७, १९ खालचा दुसरा रस्ता आहे, पण तिथं शाळेची टीम पुढं गेली तरच पोरगं दिसतं. म्हणून जिल्ह्याची, क्लबची नाहीतर शाळेची निवड करणाऱ्या कोच लोकांसाठी आणि पीटीच्या सर-मॅडमसाठी हे लिहितोय, पालकांनीही वाचावं.

पहिलं काम वयाचं. भारताच्या बास्केटबॉल फेडरेशनचे गट १३, १६ आणि १८ खालचे, आणि फिबाच्या (बास्केटबॉलची जागतिक संघटना) स्पर्धांना जन्मवर्ष धरतात, म्हणजे १ जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात. जवळजवळ वर्षाचा फरक, आणि १३-१४ च्या वयात वर्ष म्हणजे लई होतं. त्यामुळं जगभर अशा निवडींमध्ये वर्षाच्या सुरवातीला जन्मलेली पोरं जास्त आणि शेवटाला जन्मलेली कमी दिसतात. तुमच्या यादीत नावापुढं जन्ममहिना लिहा आणि निवड झाल्यावर एकदा नजर टाका, सगळे जानेवारी ते एप्रिलवाले निघाले तर आपण खेळ बघितला का नुसतं वय बघितलं ते परत तपासा.

अजून एक गोष्ट, जी फार कमी जण लक्षात घेतात. १६ खालचा एशिया कप २०२३ आणि २०२५ ला झाला, १८ खालचा २०२२ आणि २०२४ ला. हाच क्रम पुढं चालला तर २०११ ला जन्मलेलं पोरगं २०२७ च्या १६ खालच्या कपला पूर्ण वयाचं असेल, पण २०१२ वालं तिथं वर्षानं लहान पडणार आणि त्याची खरी संधी थेट २०३० च्या १८ खालच्या कपला येणार. म्हणजे सम वर्षी जन्मलेल्या पोराला पंधराव्या वर्षी "हे काय वर जात नाही" म्हणून सोडून दिलं तर त्याची पाळी यायच्या आधीच आपण त्याला घालवलं.

कागद काटेकोर बघा. जन्मदाखल्यावर जन्माची तारीख आणि नोंदणीची तारीख दोन्ही वाचा, नोंदणी जर शाळेत घालायच्या टायमाला झालेली असेल तर शाळेचं जुनं रजिस्टर मागवा. वर गेल्यावर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, पण हाडाचं वय आणि जन्माचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, धडधाकट पोरात पण वर्षभराचा फरक असू शकतो, त्यामुळं लवकर वाढलेल्या पोराकडं बघून लगेच चोर म्हणू नका. खोटा दाखला मात्र दिसला की तिथंच थांबवा, ओळख कुणाचीही असू दे, कारण त्या एका जागेवर खऱ्या वयाचं एक पोरगं घरी बसतं.

आता उंची, जिथं सगळ्यात जास्त घोळ होतो. पोरींची वाढ सरासरी १२ च्या आसपास आणि पोरांची १४ च्या आसपास सगळ्यात जोरात असते, पण हे सरासरी झालं, एकाच वर्गातली दोन पोरं वाढीच्या हिशोबानं दोन-तीन वर्षं पुढंमागं असतात. त्यांना शेजारी उभं करून निवडणं म्हणजे वेगवेगळ्या महिन्यात लावलेला आडसाली ऊस आणि सुरू ऊस एका दिवशी मोजून कुठलं बेणं चांगलं ते ठरवणं. मिशा फुटलेलं १४ वर्षांचं पोरगं रिंगखाली उभं राहून मॅचला २५-३० पॉइंट मारतंय, त्यातलं किती त्याच्या हातात आहे आणि किती फक्त लवकर वाढल्यामुळं आहे हे वेगळं काढता आलं पाहिजे. त्यासाठी मोजा. बूट काढून उभी उंची, स्टुलावर बसवून बसती उंची, हात पसरून बोटांच्या टोकापर्यंतचं माप, हात वर करून पोच, वजन, आणि आई-वडलांची उंची विचारून लिहा. दोघांच्या सेंटीमीटरमधल्या उंचीची बेरीज करून पोराला १३ मिळवायचे, पोरीला १३ वजा करायचे आणि निम्मं करायचं, ढोबळ अंदाज येतो, त्याच्यापुढं-मागं बरंच जाऊ शकतं म्हणून हा आकडा कुणाला बाहेर काढायला वापरायचा नाही. मोजमाप दर तीन महिन्यांनी घेतलं तरच वाढ सुरू आहे का संपलीय ते कळतं. वाढीच्या जोरात असलेलं पोरगं काही महिने धडपडतं, गुडघ्याखाली दुखतं म्हणतं, लेअप (पळत जाऊन रिंगजवळनं मारायचा शॉट) चुकतो, ते तात्पुरतं असतं.

पोरींचं वेगळं आहे. १५ व्या वर्षी बहुतेक पोरींची उंची जवळजवळ पूर्ण झालेली असते, त्यामुळं तिथं अजून वाढेल या आशेवर निवड करण्यात अर्थ नाही, हातातलं कौशल्य आणि ताकद बघा. भारताची कॅप्टन राहिलेली शिरीन लिमये पुण्याची, म्हणजे महाराष्ट्रातनं पोरगी तिथपर्यंत जाते हे पालकांना आवर्जून सांगा.

ट्रायलला पोरं आणायची कुठनं? पेपरात बातमी देऊन फक्त शहरातल्या चार शाळा येतात. आपला जिल्हा फुटबॉल आणि कुस्तीचा, पायात चपळाई असलेली पोरं तिकडंच आहेत. तालुक्यातल्या पीटीच्या सरांना फोन करा आणि सातवी-आठवीतली सगळ्यात उंच पाच आणि सगळ्यात वेगवान पाच मागा, बास्केटबॉल येत नसला तरी चालेल. सतनाम सिंग पंजाबातल्या बल्लो के नावाच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरातला, लहानपणी लुधियानाच्या अकॅडमीत गेला आणि २०१५ ला डॅलसच्या टीमनं त्याला एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, ५२ व्या नंबरला घेतलं, भारतातला तो पहिला. चंदगड, आजरा, गगनबावड्याकडनं एसटीनं येणारं पोरगं सकाळी सातला पोचत नाही, तेव्हा रिपोर्टिंग अकराला ठेवा नाहीतर आदल्या रात्री राहायची सोय करा. जुलै-ऑगस्टात उघड्या कोर्टवर ट्रायल नकोच, ओल्या सिमेंटवर खेळ पण कळत नाही आणि गुडघे पण जातात.

आदल्या दिवशी टेप घेऊन कोर्टवर जा. रिंग ३.०५ मीटरला आहे का, शाळेतल्या रिंगा लोंबकळून वाकलेल्या असतात. थ्रीची लाइन (जिच्या बाहेरनं शॉटला तीन पॉइंट) ६.७५ मीटरला आहे का, काही जुन्या कोर्टवर अजून २०१० च्या आधीची ६.२५ वाली असते. पोरांना सात नंबरचा बॉल, पोरींना सहा.

शाळेचे, क्लबचे टीशर्ट काढायला लावून सगळ्यांना बिब (वरनं घालायचं नंबरचं बिनबाह्यांचं जाकीट) द्या आणि नंबर चिठ्ठ्या टाकून. बघणारे तीन जण, तिघांनी वेगळं बसून लिहायचं, कागद जमा होईपर्यंत आपापसात बोलायचं नाही. ज्याचं पोरगं किंवा ज्याच्या क्लबचं पोरगं कोर्टवर आहे त्याचा मार्क धरायचा नाही. हे कडक वाटेल पण दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, सर्टिफिकेटसाठी लोक किती जोर लावतात ते सगळ्यांना माहितीय, आणि पद्धत आधीच लिहून भिंतीवर लावली की शिफारशीचे फोन आपोआप कमी होतात.

धावणं, उडी, लाइन ड्रिल अर्ध्या तासात उरका. खरा वेळ खेळाला द्या. आधी तीन-तीन, ड्रिबल बंद, फक्त पास, यात कोण मोकळ्या जागेत पळतं आणि कोण हात वर करून उभं राहतं ते पाच मिनिटात दिसतं. मग चार-चार, मग फुल कोर्ट पाच-पाच, शॉट मारायचे २४ सेकंद मोठ्यानं मोजत, आणि दर फेरीला टीम बदलायच्या, नाहीतर एका क्लबचे पाच जण एकमेकांनाच पास देत राहतात. डिफेन्स मॅन टू मॅनच, म्हणजे प्रत्येकानं आपला एक माणूस धरायचा, झोनमध्ये (जागा वाटून घेतल्यावर) उंच पोरगं लपतं. उंच पोरांना एक फेरी बॉल वर आणायला लावा आणि गार्डला (बॉल वर आणणाऱ्या खेळाडूला) पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, घाला. एनबीएतला अँथनी डेव्हिस हायस्कूलमध्ये गार्ड होता, मग एकदम आठेक इंच वाढला, पण हातातली बॉल हँडलिंग तशीच राहिली, म्हणून १४ व्या वर्षी कुणाच्या कपाळावर सेंटर (रिंगखालचा उंच खेळाडू) असं लिहू नका.

बघायचं काय तर बॉल हातातनं गेल्यावरची पहिली तीन पावलं. मान खाली घालून उभं राहतं, रेफ्रीकडं बघतं, का वळून पळतं? हे माझ्या मते सगळ्यात मोठं लक्षण आहे, पॉइंटपेक्षा मोठं. शॉट उडाल्यावर बॉलकडं बघत राहतं का आधी माणूस शोधून बॉक्स आउट करतं, म्हणजे त्याला पाठीनं अडवतं. डाव्या हातानं पास जातो का. डिफेन्सला तोंड चालू आहे का. एक गोष्ट नवीन शिकवा, साधा एखादा स्क्रीनचा (आपल्या खेळाडूसाठी समोरच्याला अंगानं अडवायचा) मूव्ह, आणि वीस मिनिटांनी परत करायला सांगा, शिकण्याचा वेग कॅम्पमध्ये फार लागतो, तिथं रोज नवीन प्ले येतात. शॉट पडला का नाही यापेक्षा पाय, कोपर आणि फॉलो थ्रू बघा, आणि दमल्यावर फ्री थ्रो मारायला लावा.

एका दिवसात नाव ठरवू नका, आठवड्याच्या अंतरानं दोनदा तरी बघाच, पोरगं तापातनं उठून आलेलं असतं, बूट उसने असतात. आणि १२ निवडताना सगळे स्कोअरर घेऊ नका, ४० मिनिटं दाबून डिफेन्स करायचा तर पाच फाउलवर बाहेर जाणारे असतातच, त्यांच्या जागी जाऊन नुसतं समोरच्याचा मेन प्लेअर धरून ठेवणारं एखादं पोरगं लागतं.

नाव आलं नाही त्यांना नोटीस बोर्डवरनं कळू देऊ नका. प्रत्येकाला बाजूला घेऊन दोन मिनिटं बोला, कशात कमी पडलास ते एकच सांगा आणि काय करायचं ते सांगा. उशिरा वाढणारी, डोकं चांगलं चालणारी पण अंगानं बारीक अशी जी पोरं असतील त्यांची वेगळी यादी करा, पालकांचे फोन नंबर घ्या, सहा महिन्यांनी परत मोजायला बोलवायची तारीख तिथंच द्या. दहावीचं वर्ष आलं की आपल्याकडं घरचे खेळ बंद करतात, तेव्हा त्या पालकांना आधीच भेटून आठवड्यात तीन दिवस तासभर तरी पाठवा म्हणून सांगा, आणि बोर्डाची परीक्षा संपली की त्याच आठवड्यात फोन करा.