क्लचच्या टॉर्कचं सिम्युलेशन करताना या चुका टाळा

क्लचप्लेटचं कॉम्प्युटर मॉडेल कुणी दाखवायला आणलं की मी आधी विचारतो, हाताने केलेलं गणित कुठे आहे? फेसिंगची (प्लेटवरच्या घर्षणाच्या अस्तराची) बाहेरची त्रिज्या १०० मिमी, आतली ६५, प्रेशर प्लेटचा (क्लचप्लेट दाबून धरणाऱ्या चकतीचा) दाब ४००० न्यूटन आणि घर्षण गुणांक ०.३ असेल, तर दाब सगळीकडे सारखा धरून दोन्ही बाजू मिळून साधारण २०१ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलतो. झीज सगळीकडे सारखी धरली तर १९८. हा आकडा कागदावर नसेल तर मॉडेल चुकलंय हे कळणार कशावरून?

सगळ्यात घातक चूक म्हणजे फेसिंग आणि फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) यांच्यातला कॉन्टॅक्ट ‘बॉण्डेड’ राहणं. काही सॉफ्टवेअर असेंब्ली आत घेतानाच तो तसा करून टाकतात. मग प्लेट डिंकाने चिकटवल्यासारखी वागते, २००० न्यूटन-मीटर लावले तरी घसरत नाही. क्लच कधी घसरतो हेच तर शोधायचं आहे! दोन्ही बाजूंना घर्षणाचा कॉन्टॅक्ट द्या.

लोडही एकदम लावू नका. पहिल्या स्टेपमध्ये फक्त दाब, दुसऱ्या स्टेपमध्ये फिरवणं. इथे हबला (प्लेटच्या मधल्या भागाला) टॉर्क देण्याऐवजी थोडा कोन फिरवा. टॉर्क दिला आणि तो क्षमतेपेक्षा जास्त झाला, की प्लेट मोकळी फिरते, सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) अडकतो, आणि आपण उगाच मेश (मॉडेलचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) बारीक करत बसतो. कोन दिला तर प्लेटच्या विरोधाचा, म्हणजे रिअ‍ॅक्शन टॉर्कचा आलेख चढत जातो आणि एका ठिकाणी आडवा होतो. तीच क्लचची क्षमता.

आलेख २०० ऐवजी १०० जवळ आडवा झाला? बहुधा प्रेशर प्लेट मोकळी फिरतेय, म्हणून एकच बाजू काम करतेय. खऱ्या क्लचमध्ये तिला कव्हरच्या पट्ट्या फिरू देत नाहीत, पण पुढे-मागे सरकू देतात. मॉडेलमध्येही तसंच हवं. सरकणंही बंद केलंत तर दाब फेसिंगपर्यंत पोचतच नाही आणि टॉर्क जवळजवळ शून्य येतो.

युनिटचा घोळ तर नेहमीचाच. एका रिपोर्टमध्ये हबच्या स्प्लाइनवर (शाफ्टवर बसणाऱ्या दात्यांवर) कमाल स्ट्रेस ०.०५ मेगापास्कल होता आणि खाली ‘डिझाइन सुरक्षित’ असा शेरा. मॉडेल मिलिमीटरमध्ये होतं, टॉर्क २०० टाकला होता. तिथे २,००,००० न्यूटन-मिलिमीटर हवे होते. रिव्हेटच्या भोकातल्या आतल्या धारदार कोपऱ्यावर मात्र उलटं होतं: मेश बारीक करत जाल तसा स्ट्रेस वाढतच जातो. कोपऱ्याला खरी गोलाई द्या, मग आकडा वाचा.

शेवटी, ०.३ वर थांबू नका. घाटात हाफ क्लचवर गाडी चढवली की फेसिंग तापतं आणि घर्षण कमी होतं. तेच मॉडेल ०.२ वर चालवा. क्षमता १३४ न्यूटन-मीटरवर येते, आणि इंजिनचा कमाल टॉर्क १५० असेल तर आधी ‘पास’ झालेली प्लेट इथे घसरते.