लाकडी फ्लोअरिंग: विदर्भातल्या घरात या चुका टाळा

कापूस-तुरीचा पैसा हाती आला की गावात घराची कामं निघतात. लग्न किंवा वास्तुशांत अक्षय तृतीयेच्या आसपास धरलेली असते, म्हणून फ्लोअरिंगची पाळी नेमकी एप्रिल-मेमध्ये येते. लाकडासाठी याहून वाईट महिने नाहीत.

मे महिन्यात फळ्या घट्ट ठोकणे

मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा घरातल्या लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांवर उतरतो. ऑगस्टच्या झडीत तोच चौदा-पंधरावर चढतो. चपट चिरलेली चार इंच रुंद सागवानी फळी एवढ्या फरकानं साधारण दीड मिलिमीटर फुगते. दहा फुटांच्या खोलीत अशा तीस फळ्या बसतात, म्हणजे हिशेब पावणेदोन इंचांवर जातो. मेमध्ये सांध्याला सांधा भिडवून ठोकलं असेल तर पोळ्यापर्यंत मधोमध फुगवटा येणारच. उलट, ऑगस्टमध्ये बसवलं तर पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक सांध्यात फट दिसेल.

काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत करावं. त्या दिवसांत लाकूड मधल्या ओलाव्यावर असतं आणि पुढचं फुगणं-आकसणं दोन्ही बाजूंना विभागलं जातं. मुहूर्त आधीच ठरला असेल तर तेवढी खोली साध्या कोब्यावर ठेवा. पाहुणे फरशी बघायला येत नाहीत.

ओलं लाकूड उचलणे

बल्लारपूर-आलापल्लीच्या सागाचं नाव मोठं आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी इथूनच सागवान गेलं. पण नावाजलेलं लाकूडही ओलं असेल तर वाकतंच. कापूस विकताना ओलावा बघतात, तसा फळ्यांचाही बघा: आठ ते दहा टक्के असावा. मीटर नसेल तर एका फळीचा वीतभर तुकडा किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर तोला. तो फ्लोअरिंग बसवायच्या खोलीत ठेवून दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तोला. वजन घटायचं थांबलं की लाकूड खोलीला सरावलं. तोवर फळ्यांच्या थरांत आडव्या पट्ट्या घालून हवा खेळती ठेवा. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर त्यांना बाक येतो.

बांधावरचा कोवळा साग स्वस्त पडतो, पण त्यात पांढरा भाग फार. तो भुंगा आणि वाळवी आधी खातात, टिकतो तो आतला तपकिरी गाभा. शिवाय स्वतःच्या शेतातला साग असला तरी तोडीची परवानगी आणि वनविभागाचा वाहतूक परवाना लागतो. त्यापेक्षा पाडलेल्या जुन्या वाड्याच्या तुळया चिरून घेणं परवडतं. ते लाकूड कित्येक वर्षं मुरलेलं असतं. चिरण्याआधी चुंबक फिरवून खिळे तेवढे शोधा, नाहीतर आरागिरणीवाला पात्याचे पैसे मागेल आणि ते रास्तच आहे.

पॉलिश फक्त वरून मारणे

ही चूक जवळपास प्रत्येक सुतार करतो. वरची बाजू बंद आणि खालची उघडी राहिली की फळी खालून दमट हवा पिते, कडा उचलल्या जातात आणि मध्ये खोलगट होते. बसवण्याआधी खालची बाजू आणि चारही कडांना सीलरचा एक हात हवाच. कडा उचललेल्या दिसल्या तरी पावसाळ्यात घासायची मशीन लावू नका. हिवाळ्यात फळी सपाट बसते आणि घासलेल्या कडा मग खोल दिसतात.

जोत्याची ओल मेमध्ये तपासणे

दोन बाय दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारही बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा. खाली थेंब जमले किंवा कोबा गडद पडला तर ओल वर येतेय. ही चाचणी सगळे सांगतात. मात्र मेमध्ये काळी माती भेगाळलेली असते तेव्हा ती उत्तीर्ण झाली, याला अर्थ नाही. सप्टेंबरमध्ये करा. जोत्यात ओलरोधक थर नसेल आणि चाचणी नापास झाली, तर तळमजल्यावर लाकडाचा हट्ट सोडून लाकडासारखी दिसणारी विट्रिफाइड टाइल लावणं शहाणपणाचं. लाकूड माडीवर वापरा.

लॅमिनेट भिंतीला भिडवणे

लॅमिनेट हे खरं लाकूड नाही. दाबलेल्या भुश्शाच्या पाटीवर लाकडाचं चित्र असतं, पण फुगतं तेही. ८ मिमीची, एसी४ दर्जाची (एसी म्हणजे झिजेला टिकण्याची प्रत) पट्टी घ्या. खाली जाड पॉलिथिन, त्यावर २ मिमी फोम. भिंत, खांब आणि चौकटीपाशी १० मिमी फट सोडा. स्कर्टिंग भिंतीला ठोका, पट्टीला नाही. जुना कोबा दोन मीटरच्या फट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त खोल असेल तर आधी भरून घ्या, नाहीतर चालताना पट्टी दबते आणि पट्ट्या एकमेकींत अडकवणारं लॉक तुटतं.

माल मोजताना दहा टक्के वाढवा. १० बाय १२ च्या खोलीला १३२ चौरस फूट लागतात. पेटीत २० चौरस फूट असतील तर सात पेट्या. आतल्या बाजूला उघडणारी दारं आधी बघा, खालून बारा मिमी तासावी लागतील.

पावसाळ्यात फुगवटा आलाच तर स्कर्टिंग काढून बघा. बहुतेक वेळा एखाद्या कोपऱ्यात पट्टी भिंतीला रुतलेली सापडते. तेवढी कड कापली की दोन-चार दिवसांत फ्लोअरिंग आपोआप बसतं. सांध्यावर पाणी मुरून कडा फुगल्या असतील तर उपाय नाही, ती पट्टी बदलावीच लागते. म्हणून एक-दोन पट्ट्या माळ्यावर राखून ठेवा.

कूलर आणि वाळवी

खिडकीतला कूलर खोलीत दमट हवा ओततो. दारं बंद ठेवून रात्रभर चालवला तर मेमध्येही त्या बाजूच्या पट्ट्या फुगतात आणि पलीकडच्या कोपऱ्यात फटी पडतात. समोरचं दार किंवा झरोका उघडा ठेवा, टाकीचं गळणं दर आठवड्याला बघा. उन्हाळ्यातल्या फटींत पुटी भरू नका. पावसाळ्यात फळीला फुगायला तीच जागा लागते.

वाळवीची फवारणी फ्लोअरिंग बसवण्याआधी करा, नंतर भोकं पाडायला जागा उरत नाही. भिंत आणि जमिनीच्या सांध्यावर दर फुटाला १२ मिमीचं भोक, प्रत्येकात एक लिटर द्रावण. औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी. कपाशीवर मारायचं १७.८ एसएल घरात उरलेलं असतं म्हणून ते ओतू नका, तो घराच्या वाळवीसाठीचा प्रकार नाही. मिसळण्याचं प्रमाण डब्यावरच्या पत्रकातूनच घ्या. हातमोजे आणि मास्क घाला, भोकं सिमेंटनं बुजवा आणि कोबा पूर्ण कोरडा झाल्यावरच पॉलिथिन अंथरा.