कम्युनिटी कॉलेजमार्गे यूसीत जायचंय? मग विषय उलटीकडून निवडा

गोव्यातल्या डिचोलीत मी बारावीला फिजिक्स शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की दरवर्षी काही पालक मुलांना घेऊन घरी येतात. मूल हुशार असतं, अमेरिकेला जायची इच्छा असते, पण पहिल्याच वर्षी मोठ्या विद्यापीठाचा खर्च झेपणार नसतो. कुणीतरी कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजचं नाव कानावर घातलेलं असतं. माझी भाची सत्तरीतून याच वाटेने यूसी डेव्हिस या विद्यापीठात गेली. तिचे सगळे कागद माझ्या टेबलावरून गेले आहेत, त्यामुळे ही माहिती मी जबाबदारीने लिहितेय.

आधी रचना समजून घ्या. कॅलिफोर्नियात 116 सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत. पदवीची पहिली दोन वर्षं तिथे करायची आणि तिसऱ्या वर्षाला सरकारी विद्यापीठात जायचं, ही सोय 1960 च्या उच्च शिक्षण आराखड्यातच करून ठेवलेली आहे. पुढे दोन विद्यापीठं: कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू, आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. बर्कली, लॉस एंजलिस, डेव्हिस ही यूसीची केंद्रं. पदवीचं शिक्षण देणारी अशी 9 आहेत. यूसी ट्रान्स्फरने, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मधल्या वर्षाला, जे विद्यार्थी घेते त्यातले 90 टक्क्यांहून जास्त याच कम्युनिटी कॉलेजांतले असतात. सॅट ही अमेरिकेतली प्रवेशपरीक्षा लागत नाही. कॉलेजच्या प्रवेशाला बारावी पास आणि इंग्रजीची परीक्षा एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. पदवीच्या कागदावर नाव विद्यापीठाचंच येतं.

पैशांचं मात्र घरात स्पष्ट बोला. तिथल्या रहिवाशांना एका युनिटला (विषयाचं वजन मोजायचं माप, म्हणजे क्रेडिट) 46 डॉलर पडतात, तो आकडा आपल्याला लागू नाही. बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी त्याच्या कितीतरी पट असते आणि कॉलेजागणिक बदलते. यूसीत गेल्यावर खर्च आणखी चढतो. 2025 मध्ये प्रवेश घेणाऱ्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या फीच्या वर वर्षाला 37,602 डॉलर जादा द्यावे लागले. म्हणजे बचत होते ती पहिल्या दोन वर्षांत. चारही वर्षांचा हिशेब एका कागदावर मांडा आणि मगच ठरवा. सीएसयू बरीच स्वस्त पडते, तिला कमी लेखू नका. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे. तिच्या यंदाच्या अटी पणजीला जाऊन समक्ष विचारा.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे कॉलेजात नाव घातलं की विषय ठरून येतात. तिथे प्रत्येक सेमिस्टरचे विषय मुलाने स्वतः निवडायचे असतात, आणि बहुतेकांची गाडी इथेच चुकते. मैत्रिणीने घेतला म्हणून हाही विषय, सोपा वाटला म्हणून तोही, असं करत युनिटं भरतात, आणि दुसऱ्या वर्षी कळतं की हव्या त्या शाखेला लागणारे निम्मे विषय राहूनच गेले. म्हणून विद्यापीठातली शाखा आधी ठरवा आणि तिथून मागे येत पहिल्या सेमिस्टरचे विषय काढा.

त्यासाठी असिस्ट डॉट ऑर्ग ही सरकारी वेबसाइट आहे. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. कॉलेज निवडा, विद्यापीठ निवडा, शाखा निवडा. पान उघडतं त्यात डावीकडे विद्यापीठाचा विषय आणि उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा तुमच्या कॉलेजचा विषय दिसतो. भाचीच्या पानावर डावीकडे केमिस्ट्रीचा एक विषय होता आणि उजवीकडे दोन, मध्ये ‘अँड’. याचा अर्थ दोन्ही पुरे केले तरच विद्यापीठ तो एक विषय झाला असं मानणार. ‘ऑर’ असेल तर दोन्हीतला कुठलाही एक. उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं दिसलं तर त्याच्या बदल्यात चालेल असा मान्य विषय त्या कॉलेजात नाही. महत्त्वाच्या विषयांपुढे हे वारंवार दिसत असेल तर दुसरं कॉलेज बघा. प्रवेश घेण्याआधी तीन-चार कॉलेजांची पानं प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवा. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री अशा साखळीच्या विषयांत अर्धी साखळी एका कॉलेजात आणि उरलेली दुसरीकडे करू नका. तशी जोडणी पुष्कळदा मान्य होत नाही.

शाखेच्या विषयांखेरीज यूसीला किमान सात विषयांचा एक साचा लागतो: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि बाकीचे चार निदान दोन वेगवेगळ्या क्षेत्रांतले. इंग्रजी लेखन पहिल्याच सेमिस्टरला सुरू करा. आपली मुलं गणितात तरतात आणि या विषयात अडतात, कारण स्वतःचा मुद्दा घेऊन पाच पानं लिहायची सवय आपण त्यांना लावलेली नसते. सामान्य विषयांचा एक मोठा संचही आहे, कॅल-गेटसी नावाचा. 2025 पासून नवीन विद्यार्थ्यांना तोच लागू आहे. विज्ञान आणि इंजिनीअरिंगवाल्यांनी शाखेचे विषय आधी संपवावेत, मग त्याच्याकडे वळावं.

युनिटांचा हिशेब मी फळ्यावर मांडते तसा मांडते. स्टुडंट व्हिसा टिकवायला सेमिस्टरला 12 युनिटं लागतात, म्हणून सगळे 12 वर समाधान मानतात. बारा चोक अठ्ठेचाळीस. तिसऱ्या वर्षात जायला मात्र 60 लागतात. तेव्हा सेमिस्टरला 15 घ्या, किंवा उन्हाळ्यात भर घाला. काही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची, म्हणजे सेमिस्टरपेक्षा लहान सत्रांची, असतात, कुपर्टिनोचं डी अँझा त्यातलंच. तिथे 60 च्या जागी 90 धरा.

वेळ वाटते त्याहून कमी आहे. ट्रान्स्फरचा अर्ज दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो, त्यामुळे त्यात पुरे झालेले गुण फक्त पहिल्या वर्षाचे दिसतात. बाहेरच्या विद्यार्थ्याला 4 पैकी किमान 2.8 जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, हवा. तेवढ्यावर फक्त रांगेत उभं राहता येतं, मागणी असलेल्या शाखांना 3.5 च्या पुढे लागतो. पहिली सेमिस्टर रुळायला जाते असं म्हणून सोडून देऊ नका.

यूसीची ‘टॅग’ नावाची हमी आहे. डेव्हिस, अर्व्हाईन, मर्सेड, रिव्हरसाईड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा केंद्रांपैकी एकाला सप्टेंबरात अर्ज करायचा. ठरलेले गुण आणि विषय पुरे केले तर जागा नक्की. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. सगळ्या शाखाही नाहीत. सांता बार्बराचं इंजिनीअरिंग टॅगच्या बाहेर आहे. अर्जाच्या वेळी 30 युनिटं पुरी झालेली असावी लागतात. सेमिस्टरला 12 घेणाऱ्याची पहिल्या वर्षाअखेर 24 होतात, म्हणजे उन्हाळ्यात भर घातली नाही तर हमी हातची गेली. टॅग एका केंद्राला केला तरी मुख्य अर्ज बाकीच्यांनाही करता येतो, जरूर करा.

मुख्य अर्जात चार छोटे निबंध असतात, प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत. निवडलेल्या शाखेची तयारी कशी केली, हा प्रश्न सक्तीचा. आणखी तीन सातांतून निवडायचे. भाचीने वडिलांच्या कुळागराबद्दल लिहिलं. मार्च-एप्रिलात झऱ्याचं पाणी कमी झालं की पाटाचं पाणी कुठल्या माडांना आधी सोडायचं, हे तिचे वडील कसं ठरवतात, आणि ते बघताना तिला मातीतल्या ओलाव्याचे कोणते प्रश्न पडले, एवढंच. नमुन्याचे निबंध विकत घेऊ नका. पोराने जे डोळ्यांनी पाहिलंय तेच त्याला लिहू द्या.

व्हिसाला आपल्याला मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात जावं लागतं. कोकणकन्येने निघा, पण मुलाखतीच्या आदल्या दिवशीच पोचलेलं बरं. ‘कम्युनिटी कॉलेजच का?’ हा प्रश्न येईल असं धरूनच जा. असिस्टचं पान नीट वाचलेल्या मुलाला उत्तर पाठ करावं लागत नाही: कोणती शाखा, कोणतं विद्यापीठ, कोणत्या वर्षी जाणार, पैसे कुठून येणार, सगळं तो सरळ सांगतो. इथल्या कॉलेजात एखादं वर्ष काढलं असेल तर तेही विद्यापीठाच्या अर्जात कळवा, नापास झालेल्या विषयांसकट. ते गुणपत्रक विद्यापीठ मागतंच, आणि लपवलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

तिथे पोचल्यावर कॉलेजच्या ट्रान्स्फर सेंटरमधल्या समुपदेशकाला दर सेमिस्टरला भेटा, असिस्टचं पान हातात घेऊन. एखादा विषय जड जातोय म्हणून सोडायचा असेल तर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारा. 12 च्या खाली गेलात तर व्हिसाच अडचणीत येतो.

निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतात. 1 जूनपर्यंत होकार कळवायचा आणि 1 जुलैपर्यंत शेवटचं गुणपत्रक पोचवायचं. त्याच काळात कॉलेजला सांगून सेविसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी नोंदप्रणाली) नोंद विद्यापीठाकडे वळवून घ्या आणि नवीन आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यापीठाचं व्हिसासाठीचं प्रमाणपत्र, मागवा. प्रवेश मिळाला तरी तो दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सेमिस्टरचे विषय पास होण्यावर अवलंबून असतो, तेव्हा मे महिन्यातल्या परीक्षा होईपर्यंत गोव्याचं तिकीट काढू नका.