पंखा गरगर फिरतो, पण वारा लागत नाही?

छताचा पंखा खोली थंड करत नाही. अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून गार वाटतं. त्यामुळे उन्हाळ्यात वारा सरळ खाली यायला हवा; पंखा उलट्या दिशेने फिरत असेल तर तो वर जातो. खोलीत कोणी नसेल तर पंखा बंदच करा.

दिशा ओळखायला पात्याकडे बघा. पातं तिरकं असतं, एक कड वर, दुसरी खाली. पंखा बंद केल्यावर शेवटचे दोन-चार फेरे नीट पाहा: वरची कड पुढे धावत असेल तर वारा खाली येणार. खालची कड पुढे असेल तर पंखा उलटा फिरतोय. खात्री हवी असेल तर पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवून खाली पेटती उदबत्ती धरा. धूर खाली दाबला गेला की दिशा बरोबर.

कंडेन्सर (मोटरला जोडलेला छोटा डबा) बदलताना वायर चुकली तर ही भानगड होते. साध्या पंख्याच्या मोटरमधून तीन वायरी येतात. एक कॉमन, उरलेल्या दोघींच्या मध्ये कंडेन्सर बसतो. फेज (वीज आणणारी वायर) त्याच्या ज्या टोकाला जोडला, त्यावर दिशा ठरते. टोक चुकलं की पंखा वेगात, पण उलटा. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी एमसीबी (मेन बोर्डवरचा स्विच) पाडा. भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. वायरींची सवय नसेल तर वायरमनच बोलवा. पंखा सरळ फिरतो पण मंद? मग दिशेचा दोष नाही, बहुधा कंडेन्सर कमजोर झालाय. नवा घेताना जुन्यावरचा आकडा बघूनच घ्या. घरगुती पंख्यात बऱ्याचदा २.५ मायक्रोफॅरडचा असतो.

आता थंडीचं. उलटा पंखा वारा वर ओढतो आणि छताशी साचलेली ऊब भिंतींच्या कडेने खाली आणतो. पण ऊब साचायला खोलीत हीटर हवा. मुंबई-कोकणात याची गरजच नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीतही हीटर नसेल तर पंखा बंद ठेवलेला बरा. अमेरिका-कॅनडात घरं तापवलेली असतात, तिथे मात्र हा उपाय खरंच कामी येतो: मोटरच्या अंगावरची दिशा बदलायची छोटी कळ पंखा पूर्ण थांबल्यावरच सरकवा आणि वेग सर्वांत कमी ठेवा. वेग वाढवला की वारा अंगावर येतो आणि उलट थंडी वाजते. आपल्याकडे काही बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक मोटरच्या) पंख्यांच्या रिमोटवर ही सोय मिळते. असा पंखा जुन्या रेग्युलेटरवर जोडू नका.

वरच्या मजल्यावर एप्रिल-मेच्या रात्री पंखा गरम वारा फेकतो, तेव्हा त्याला उलटा फिरवून काही साधत नाही. तापलाय तो स्लॅब. बाहेर गार झालं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, आणि दिवसा उन्हाची बाजू पडद्याने झाका.

एसी लावत असाल तर तो २६-२७ अंशांवर ठेवून पंखा हळू चालवा, अर्थात सरळ दिशेनेच.