मिआटाचं ब्रेक पेडल खोल जातंय? परत एअर काढण्याआधी हे करा

पॅड नवे, ब्रेक ऑइल नवं, ब्रेकच्या लाइनमधली हवा, म्हणजे एअर, दोनदा काढून झाली, आणि तरी पेडल अर्ध्यावर गेल्याशिवाय ब्रेक लागत नाही. पहिल्या पिढीच्या मझदा मिआटावर, या छोट्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारवर, घरी काम करणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी भोगावं लागतं. कुणाला विचारायला जावं तर तीन उत्तरं ठरलेली: परत एअर काढ, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा पंप) बदल, मोठे ब्रेक बसव. तिन्ही वेळखाऊ, दोन तर चांगलीच महागडी, आणि पॅड बदलल्यानंतरच्या खोल पेडलवर बहुतेक वेळा तिन्ही बिनकामाची.

माझी मिआटा १९९६ ची, १.८ लिटर इंजिनची, न्यू जर्सीत सेकंडहँड घेतलेली. वजन जेमतेम एक टन. वर्षातून दोन-तीनदा मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कला ट्रॅकवर नेते. जॅक कुठे लावायचा, चाकाचे नट कसे सोडायचे हे ज्यांना येत नाही त्यांनी ब्रेकला हात लावूच नये, म्हणून ते सांगत बसत नाही. दोनच गोष्टी. गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. आणि या कामात हँडब्रेक सोडलेला असतो, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावल्याशिवाय मागची बाजू उचलू नका.

पेडल काय सांगतंय

पाना उचलण्याआधी पाच मिनिटं नुसतं पेडल दाबून बघा.

पाय एकसारखा दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं, बाहेर कुठेच ओल नाही, तर मास्टर सिलिंडरचं सील आतून गेलंय. पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही: पॅड तापून पकड सुटली असेल किंवा बूस्टर (इंजिनच्या जोरावर पायाला मदत करणारा भाग) काम करत नसेल. बूस्टर तपासायला इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा दाबा, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टर ठीक आहे. घरून निघताना पेडल छान, ट्रॅकवर चार फेऱ्यांनी मऊ: ऑइल उकळलं. स्पंजावर पाय ठेवल्यासारखं सतत लिबलिबीत: लाइनमध्ये हवा आहे, एअर काढा.

आणि शेवटचा प्रकार. पेडल खोल जातं, पण खाली पोचल्यावर घट्ट लागतं. दोनदा पंप केलं की वर येतं, थोड्या वेळाने परत खोल. बहुतेक जण याला हवा समजतात आणि बाटल्यांवर बाटल्या ओततात. हवा आहे की नाही हे अर्ध्या मिनिटात कळतं. गाडी सपाटीला उभी करा, हँडब्रेक दोन-तीन टिकटिक वर ओढा आणि पेडल दाबा. पेडल एकदम वर आणि घट्ट आलं, तर हवेचा काही संबंध नाही. तुमच्या मागच्या कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचे, पिस्टन डिस्कपासून लांब बसलेत.

ही चाचणी मला बाबांनी शिकवली. तोवर माझे दोन शनिवार-रविवार आणि ऑइलच्या तीन बाटल्या गेल्या होत्या, नवा मास्टर सिलिंडर खोक्यात तयार होता. बाबा कोल्हापूरहून आले होते, त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मी मागच्या चाकाखाली. "बाबा, दाबा." "दाबलं." "धरून ठेवा. आता सोडा." एअर काढायच्या निपलमधून येणारं ऑइल काचेसारखं स्वच्छ, एक बुडबुडा नाही. वीसेक वेळा झाल्यावर वरून आवाज आला, "अगं, हँडब्रेक ओढून बघू का जरा?" त्यांनी ओढला, पेडल दाबलं आणि म्हणाले, "हे बघ, आलं की वर. आपल्या पद्मिनीचे मागचे लायनर झिजले की असंच व्हायचं. मिस्त्री चाकामागनं अ‍ॅडजस्ट करून द्यायचा." मी त्यांना समजावलं की ही आपली जुनी ड्रमब्रेकची प्रीमिअर पद्मिनी नाही, हिला चारही चाकांना डिस्क आहेत, डिस्कब्रेक आपोआप अ‍ॅडजस्ट होतात. त्यावर त्यांनी विचारलं, "मग हिचा हँडब्रेक कशावर चालतो?"

त्याच मागच्या कॅलिपरवर चालतो. तिथेच सगळी मेख आहे. हँडब्रेकची केबल ओढली की कॅलिपरच्या आतला स्क्रू पिस्टनला पुढे ढकलतो. या स्क्रूची सुरुवातीची जागा हाताने लावावी लागते. ती लावली नाही, तर पेडलचा पहिला अर्धा प्रवास मागचे पिस्टन डिस्कपर्यंत आणण्यातच संपतो.

मागचा कॅलिपर: इथे घाई नको

सुरुवात कॅलिपरपासून नाही, गाडीच्या आतून. हँडब्रेक पूर्ण सोडा आणि दांड्याशी असलेल्या अ‍ॅडजस्टरने केबल चांगली सैल करा. मागे जाऊन बघा: कॅलिपरवरचा छोटा आर्म, ज्याला केबल अडकवलेली असते, तो आपल्या थांब्याला टेकलेला हवा. केबल ताणलेली राहिली तर पुढचं सगळं माप चुकतं. हँडब्रेक ढिला लागतो म्हणून लोक केबलच आवळत राहतात. त्याने हँडब्रेक सुधारल्यासारखा वाटतो आणि पेडल तसंच राहतं.

आता कॅलिपरच्या मागच्या बाजूला, गाडीच्या आतल्या अंगाला, १४ मिमीचा एक बोल्ट दिसेल. हा काही धरून ठेवणारा बोल्ट नाही, नुसतं झाकण आहे. न्यू जर्सीत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे माझा तर वितळून एकजीव झाल्यासारखा बसला होता. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सहा कोनी सॉकेटच वापरा. बारा कोनीने डोकं गोल केलंत तर पुढची कटकट तुमची तुम्हाला.

झाकण निघालं की भोकात ४ मिमीची अ‍ॅलन की घाला. आत स्क्रू लागेल. की घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की पिस्टन आत जातो, सुलट फिरवली की बाहेर येतो. पॅड बदलताना पिस्टन आत घेण्याचा हा एकमेव मार्ग आहे.

हे मी ठासून सांगते, कारण एक कॅलिपर माझ्या हातून गेलाय. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबला की मुकाट आत जातो. मागचाही तसाच जाईल असं मला एका गॅरेजमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं. मी क्लॅम्प लावला, आवळला, हलेना म्हणून पाइप लावून आणखी आवळला. आतून 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं सुटलं. सुटलं नव्हतं, आतली यंत्रणा मोडली होती, आणि मी बाजारातून रिबिल्ट कॅलिपर आणला. काही गाड्यांमध्ये मागचा पिस्टन दाबून गोल फिरवायचा असतो, त्यासाठी खाचा जुळवणारं हत्यार मिळतं. ते हत्यार इथे वापरू नका. या गाडीत पिस्टनला हातच लावायचा नाही, फक्त की फिरवायची. उलट फिरवताना की अडली की थांबा, जोर लावू नका.

नवे पॅड बसवा, कॅलिपर जागेवर घट्ट करा. चाक काढलेलं असताना डिस्क हबवर सैल डुगडुगते, म्हणून दोन नट उलटे लावून ती हबला घट्ट टेकवून घ्या. मी पहिल्यांदा हे केलं नाही आणि तिरक्या डिस्कवरच माप लावून बसले.

आता की सुलट फिरवत न्या. आधी सहज फिरेल, मग पॅड डिस्कला टेकल्याचं बोटांना कळेल. पॅड डिस्कला घट्ट धरेपर्यंत फिरवा, म्हणजे डिस्क हाताने हलता कामा नये. तिथून एक तृतीयांश फेरा मागे घ्या. अंदाजाने नाही: कीच्या वाकलेल्या दांडीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, घड्याळात बारावर असलेला काटा आठवर आणल्यासारखं मागे फिरवा. डिस्क हाताने फिरली पाहिजे, फिरताना पॅडची हलकी खरखर ऐकू आली तर उत्तम. डिस्क अगदी मोकळी, बेआवाज फिरत असेल तर तुम्ही जास्त मागे आलात. दुसऱ्या बाजूलाही हेच.

झाकणाचा बोल्ट वॉशरसकट परत लावा. राहून गेला तर पाणी आणि मीठ थेट आत जातं. पेडल पाच-सहा वेळा दाबा आणि मग शेवटी केबलला हात लावा: दांडा ५ ते ७ टिकटिकीत गाडी धरेल एवढी आवळा.

मी हे केलं त्या दिवशी पेडल एका इंचात लागायला लागलं. खोक्यातला मास्टर सिलिंडर परत केला.

एअर काढणं

पॅड बदलताना कुठलीही लाइन उघडली नसेल तर एअर काढायची गरज नाही. ऑइल दोन वर्षं जुनं असेल तर काढा. क्रम लांबच्या चाकापासून: डावीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीत मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. टाकी रिकामी होऊ देऊ नका. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते पार खाली जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये सील एरवी जिथवर जात नाही तिथे गंज आणि कचरा असतो, पेडल तळाला नेलं की सील त्यावर घासून फाटतं. आधी ठीक असलेलं मास्टर सिलिंडर एअर काढल्यावर 'अचानक' जातं, त्यामागे बरेचदा हे असतं.

अपग्रेड: पैसे कुठे घालावेत

सगळ्यात आधी ऑइल. डॉट ३ कोरं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ २३० ला, डॉट ५.१ २६० ला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरलं की डॉट ३ चा आकडा १४० वर येतो, डॉट ४ चा १५५ वर. ट्रॅकवर जाण्याआधी ताजं डॉट ४ भरा. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नाव ५.१ सारखं दिसलं तरी त्यात मिसळत नाही. दुकानात घाई करू नका.

नंतर पॅड. रस्त्यावरचे पॅड ट्रॅकवर जळतात, आणि अस्सल ट्रॅकचे पॅड सकाळी थंड असताना पहिल्या सिग्नलला धरत नाहीत, वर किंचाळतात. रोज वापरायच्या गाडीला मधले घ्या. बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० मैलांवरून १० वर असे आठ-दहा वेळा जोरात ब्रेक मारा, पण पूर्ण थांबू नका.

तिसरे पाइप. वीस-तीस वर्षांचे रबरी पाइप दाबाने फुगतात, त्यांच्या जागी स्टीलच्या जाळीचे घाला. पेडलला त्याने थोडा कडकपणा येतो, पण जाहिरातीत म्हणतात तेवढा नाही.

मोठे चार पिस्टनचे रंगीत कॅलिपर? माझ्या मते एक टनाच्या गाडीला, मूळ इंजिनवर, ते दिखाव्यासाठी आहेत. आत्ताचे ब्रेक चाक जाम करू शकत असतील तर तुम्हाला थांबवण्यात कमी पडतायत ते टायर. तुमची गाडी १९९४ च्या आधीची १.६ असेल तर गोष्ट वेगळी. तिच्या पुढच्या डिस्क २३५ मिमीच्या, १.८ च्या साधारण २५५ च्या. कंपनीचाच तो संच भंगारातल्या गाडीवरून स्वस्तात मिळतो आणि चपखल बसतो.

ट्रॅकवरून पिटमध्ये आलात की सवयीने हँडब्रेक ओढाल. ओढू नका. तापलेले पॅड डिस्कवर एकाच जागी दाबून धरले तर तिथे थर बसतो आणि नंतर ब्रेक मारताना गाडी थरथरते. लोक त्याला 'डिस्क वाकली' म्हणतात आणि नव्या डिस्क घेतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा आणि चहा प्यायला जा.