तीन पेपर, घर एकच

जीन आणि माइटोकॉन्ड्रियाचा आजार यांचा संबंध तपासायला नव्यानं बसलेल्यांसाठी लिहिते आहे. क्लिनजेनची, म्हणजे जीन आणि आजाराचा संबंध किती पक्का ते गुण देऊन ठरवणाऱ्या प्रकल्पाची, पद्धत तुम्ही वाचली असेलच: जनुकीय पुराव्याला जास्तीत जास्त १२ गुण, प्रयोगांना ६. मी फसले तेवढंच सांगते.

आपण विदर्भातले लोक सिकलसेल बघत वाढलो. एक जीन, एक बदल, एक आजार, हे डोक्यात पक्कं बसतं. ली सिंड्रोमचं, म्हणजे लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालणाऱ्या माइटोकॉन्ड्रियाच्या आजाराचं, तसं नाही. त्याच्याशी ११० हून जास्त जीन जोडलेत आणि त्यातले बहुतेक पेशीकेंद्रातले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या तपासणीत त्यातले ४० हून अधिक ‘लिमिटेड’वरच, म्हणजे अपुऱ्या पुराव्यावरच, थांबले. म्हणून टेस्टिंग पॅनेलच्या (एकत्र तपासायच्या जीनच्या) यादीत नाव दिसलं की पुरावा आहेच, असं धरणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

माझ्या जीनवर तीन पेपर होते. एक केस रिपोर्ट, दोन भावंडांचा. दुसऱ्यात एक्झोम (जीनमधल्या प्रथिनं बनवणाऱ्या भागांची तपासणी) केलेल्या मुलांचा मोठा गट, त्यात या जीनचे दोन रुग्ण. तिसऱ्यात रुग्णाच्या फायब्रोब्लास्टमध्ये (त्वचेतून घेतलेल्या पेशींत) कॉम्प्लेक्स वनचं, म्हणजे माइटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतल्या एका कडीचं, काम घटलेलं. मे महिना, धरमपेठेतली खोली, कूलरची घरघर. रात्री दोनला मी तिन्हींचे गुण जोडले, आठ भरले, ‘मॉडरेट’ (म्हणजे मध्यम पुरावा) लिहून फाइल पाठवली.

सकाळी मॅडमनी एवढंच विचारलं, "ही मुलं किती घरांतली गं?"

मी पुन्हा बसले. केस रिपोर्टमध्ये थोरल्याचं लॅक्टेट (माइटोकॉन्ड्रिया बिघडलं की वाढणारं रसायन) ४.८. दुसऱ्या पेपरच्या सप्लिमेंटरी (पेपरसोबतच्या जोड फाइलमधल्या) टेबलात, सतराव्या ओळीत, तेच ४.८. आजाराची सुरुवात दोन्हीकडे सातव्या महिन्यात, व्हेरिएंट (जीनमधला बदल) तोच, एक लेखक दोन्हीकडे. फायब्रोब्लास्ट धाकटीचे. सख्खी भावंडं असली की प्रोबँड (गुणांसाठी मोजायचा घरातला मूळ रुग्ण) एकच धरायचा. दुसरं भावंड बदल आणि आजार घरात सोबत उतरतात का, ते पाहण्यापुरतं. पेशींवरच्या प्रयोगाचे गुण प्रयोगाच्याच खात्यात जातात, त्यानं रुग्ण वाढत नाही. बेरीज चारच्याही खाली आली. ‘लिमिटेड’.

आमच्याकडच्या एका जोडप्याच्या बाळात याच जीनमध्ये बदल सापडला होता. पुढच्या गरोदरपणात तपासणी करायची का, हे त्या अहवालावर ठरणार होतं. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून गुण द्यायच्या आधी पेन्सिलीनं प्रत्येक घराची वंशावळ काढा. शेजारी व्हेरिएंट, लिंग, सुरुवातीचं वय, लॅक्टेट, एमआरआय, देश, लेखक. दोन ओळी जुळल्या की हात थांबवा. अॅबस्ट्रॅक्टवरून गुण देऊ नका, कधीच नाही. आणि सप्लिमेंटरी फाइल स्वतः उघडून बघणाऱ्या माणसाच्या हाताखाली शिका, बाकी त्यांचा स्वभाव कडक असला तरी चालेल.

घाबरू मात्र नका राजेहो. पहिल्या दोनचार जीनना आठवडेच्या आठवडे जातात, सगळ्यांचेच. शंका उरली तर लेखकांना सरळ दोन ओळींची मेल करा. मला नवव्या दिवशी उत्तर आलं: हो, तीच भावंडं.