युरोपातल्या सहा वाइन एका बैठकीत: चाखाव्या कशा, पारखाव्या कशा

वाइनची चव सांगायला परक्या भाषेतले शब्द लागतात, हा समज आधी काढून टाका. आंबट, तुरट, उग्र, खमंग, मवाळ हे शब्द आपल्याकडे आहेतच. त्यातही ‘तुरट’ फार मोलाचा. हिरडा किंवा अर्धं कच्चं जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, लाल वाइनमधलं टॅनिन तेच करतं.

बाटल्या निवडा. एकमेकींपासून लांबच्या घ्या, म्हणजे फरक ठळक कळतो. दोन पांढऱ्या: फ्रान्सची शाब्ली आणि जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली काबिनेट दर्जाची, म्हणजे हलकी आणि बहुधा गोडसर, रीसलिंग. मग लाल: इटलीची कियांती क्लासिको, स्पेनची रिओहा रेझेर्वा, पुन्हा इटलीची बारोलो आणि शेवटी पोर्तुगालची पोर्ट. बारोलो महाग पडते. तिच्याऐवजी लांगे नेब्बिओलो चालेल, द्राक्ष तेच. चाखायचा क्रमही हाच ठेवा. पांढऱ्यांत कोरडी (गोडी नसलेली) आधी, गोडसर नंतर. लालमध्ये हलकी आधी, भारी नंतर. माणशी 50 मिली पुरे. 750 मिलीच्या एका बाटलीत 15 जणांचं भागतं.

तापमान सांभाळा. आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक इथे होते. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम युरोपातल्या गार घरांचा, म्हणजे 16 ते 18 अंशांचा. मे महिन्यात पुण्यात मी कपाटातली रिओहा तशीच उघडली होती. नाकाला फक्त अल्कोहोलची झणझण लागली, द्राक्ष कुठेच नाही. तीच बाटली पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर ओळखू येईना, इतकी बदलली. पांढऱ्या वाइन मात्र फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. फार गार असतील तर वास दबतो.

त्या संध्याकाळी घरात उदबत्ती नको, फोडणी नको, केसांत मोगऱ्याचा गजरा नको. पेले वर निमुळते होणारे घ्या, वास आत टिकतो. टेबलावर साधा पाव, पाणी आणि थुंकायला एक भांडं हवंच. थुंकण्यात लाजण्यासारखं काही नाही. परीक्षक तेच करतात, आणि सहाव्या पेल्यापर्यंत जीभ ताळ्यावर राहते. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून आकडे टाका, म्हणजे लेबल मत बनवणार नाही.

बघा. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. बारोलोचा रंग फिका, कडेला विटकरी. रंगावरून तिला पातळ समजू नका, घोट घेतल्यावर कळेल.

वास घ्या. आधी पेला न हलवता, मग गोल फिरवून. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर बुचातल्या टीसीए नावाच्या संयुगाने वाइन बिघडली आहे. ती थांबून सुधारत नाही. काडेपेटीसारखा वास असेल तर मात्र थोडी हवा लागू द्या, बहुधा उडून जातो. रीसलिंग जुनी असेल तर चक्क रॉकेलचा वास येतो. तो दोष नाही, त्या द्राक्षाची खूण आहे. रिओहात व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याचा भास होतो, कारण तिथे अमेरिकन ओकची पिंपं वापरायची जुनी रीत आहे. रेझेर्वा म्हणवून घ्यायला लाल वाइन किमान 3 वर्षं मुरावी लागते, त्यातलं किमान 1 वर्ष पिंपात.

घोट घ्या. तोंडभर फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा, थुंका. मग दोन गोष्टी तपासा. जबड्याच्या कडेने लाळ किती सुटते? तो आंबटपणा. शाब्लीत तो लिंबासारखा सरळ येतो. मोझेलच्या रीसलिंगमध्येही तेवढाच असतो, पण सोबतच्या गोडीमुळे चटकन जाणवत नाही. आणि हिरड्या किती आवळतात? कियांतीत बऱ्यापैकी, बारोलोत कचकचून. पोर्टमध्ये आंबणं चालू असतानाच द्राक्षाचा स्पिरिट घालून ते थांबवतात. म्हणून साखर उरते आणि अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी गोड लाल वाइन निराळी. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यातलीच.

पारख करा. बोलण्याआधी प्रत्येकाने लिहावं. आंबटपणा, तुरटपणा, गोडी, अल्कोहोल यांपैकी एखादं दुसऱ्यावर कुरघोडी करतंय का? थुंकल्यावर चव किती सेकंद रेंगाळते, ते मनात मोजा. एकच वास पुन्हापुन्हा येतो की दर वेळी नवीन काही सापडतं? ‘मला आवडली का’ हे वेगळ्या रकान्यात लिहा. न आवडलेली वाइनही उत्तम असू शकते, आणि हे मान्य करता येणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता कागद काढून नावं बघा. उरलेल्या बाटल्या, लालसुद्धा, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी बारोलो अर्धा तास आधी बाहेर काढून पुन्हा चाखा. हवा लागून तिचा तुरटपणा बहुधा मवाळ झालेला असतो. कालच्या नोंदीखाली आजची तारीख टाकून लिहा. कालची ओळ खोडू नका.